शब्दांची गोटमार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, पांढुर्ण्याच्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते. त्याला झेंडा बांधलेला असतो. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दिवसभर दोन्ही काठांवरून दगडांचा मारा चालतो, डोकी फुटतात, काही वर्षी जीवही जातात. अखेर झाड तोडून झेंडा चंडीमातेच्या देवळात नेला की गोटमार आटोपते. हा मेळा आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिला आहे, आणि त्याची दंतकथाही सर्वांना ठाऊक आहे. पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, दोन्ही गावांनी दगड मारले, आणि ते दोघेही मध्येच मेले, अशी ती कथा.

परंतु गोटमारीची दुसरीही एक दंतकथा आहे. ती तितकी सांगितली जात नाही. मात्र मेळ्याच्या दिवसांत वर्तमानपत्रे ती अधूनमधून छापतात. तिच्यानुसार जामच्या काठी पिंडारी लोकांचा किल्ला होता. त्यांचा सेनापती दलपतशाह. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने किल्ल्यावर हल्ला केला तेव्हा किल्ल्यातल्यांपाशी पुरेशी हत्यारे नव्हती. त्यांनी दगडांचा वर्षाव केला आणि भोसल्यांची फौज परतून लावली. या कथेत 'पिंडारी' म्हणजे लुटारू नव्हे. येथे पिंडारी म्हणजे या डोंगरातले मूळचे आदिवासी, आपल्या गढीचे रक्षण करणारे. आणि चालून येणारे कोण, तर मराठे.

प्रस्तुत लेखाचा विषय या एका शब्दापासून सुरू होतो. ज्या 'पेंढारी' शब्दाने आपण मराठी माणसे बेबंद लुटारूची आठवण करून देतो, तोच शब्द आपल्याच गावच्या नदीकाठी रक्षणकर्त्याचे नाव म्हणून उभा आहे. निवडणुकीच्या सभेत कोणी वक्ता समोरच्या पक्षाला 'पेंढाऱ्यांची टोळी' म्हणतो आणि मैदान टाळ्यांनी दणाणून जाते, तेव्हा त्या मैदानात ही दुसरी कथा आजीकडून ऐकलेला एखादा श्रोता बसलेला असू शकतो, हे वक्त्याच्या गावीही नसते. इतिहासाचे शब्द असे दगडासारखे उचलले जातात. नदीच्या पात्रात ते कोठून वाहत आले, किती घासले गेले, याची चौकशी मारणारा करीत नाही.

इतिहास म्हणून ही दुसरी कथा टिकत नाही, हेही आरंभीच सांगितले पाहिजे. दलपतशाह हे नाव राणी दुर्गावतीच्या पतीचे. तो गढा-मंडल्याचा आणि सोळाव्या शतकातला. नागपूरकर भोसले या मुलखात आले अठराव्या शतकात. शिवाय देवगडच्या राज्यात पहिल्या रघूजींचा प्रवेश झाला तो गोंड राजघराण्यातील वारशाच्या तंट्यामुळे. चांद सुलतानच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवा राणीने आपल्या मुलांच्या हक्कासाठी रघूजींना बोलावले. रघूजी आले, तंटा मिटवला, पुन्हा आले, आणि हळूहळू राज्यच त्यांच्या हाती गेले; गोंड राजा नागपुरास नेमणूक घेऊन राहिला. म्हणजे इतिहास दंतकथेपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. तथापि दंतकथेत जी आठवण आहे ती खोटी म्हणता येत नाही. ज्यांचे राज्य गेले त्यांना ते कसे गेले याची एक कथा हवी होती, आणि तिच्यात आपण शरण गेलो नाही, आपण दगड मारले, हे त्यांना नोंदवायचे होते.

पेंढारी म्हणजे नेमके कोण? शिंदे आणि होळकर यांच्या फौजांबरोबर चालणारे, पगार नसलेले, लुटीवर जगणारे हलके घोडदळ. शिंदेशाही आणि होळकरशाही असे त्यांचे भेदही होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी संस्थानिकांच्या फौजा मोडल्या, शेते ओस पडली, तेव्हा सुटलेले शिपाई आणि उपाशी शेतकरी त्यांच्यात मिळत गेले. त्यांत सर्व जातिधर्मांचे लोक होते. त्यांनी केलेले अत्याचार खरे होते. १८११ मध्ये ते नागपूरच्या वेशीपर्यंत आले आणि त्यांनी उपनगरांचा काही भाग जाळला. नागपूर मुलखातल्या खेड्यांत मातीच्या ज्या पडक्या गढ्या दिसतात त्यांपैकी पुष्कळशा त्या धामधुमीत बांधल्या गेल्या. पेंढारी येताहेत असे कळले की गाव गढीत शिरे आणि जिवाच्या आकांताने लढे. तेव्हा पेंढारी हा शब्द भयाचा झाला तो उगाच नव्हे.

पण पुढे पाहावे. १८१७ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तासाठी म्हणून लाखाहून अधिक फौज जमविली. ती मोहीम संपली तेव्हा पेशवाई बुडाली होती, सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांचे राज्य परस्वाधीन झाले होते, महिदपूरला होळकरांचा पराभव झाला होता. पेंढारी हा शब्द मोहिमेच्या कागदावर होता, आणि राज्ये मात्र भलत्यांचीच गेली. खुद्द पेंढाऱ्यांचे काय झाले? त्यांचा एक पुढारी करीमखान शरण आला, त्याला गोरखपूर भागात जमीन मिळाली. चितू शरण आला नाही. तो असीरगडच्या बाजूच्या जंगलात वाघाच्या तोंडी पडला. आणि पेंढाऱ्यांशी ज्याचे नाव नेहमी जोडले जाते तो पठाण सरदार अमीरखान वेळेवर तह करून टोंकचा नवाब झाला. एकाच धामधुमीतले तीन पुढारी. एकाला जमीन, एकाला गादी, एकाला वाघ. कोणाला काय मिळाले हे त्याच्या कृत्यांवर नव्हे, तर त्याने कागदावर सही केव्हा केली यावर ठरले.

आम्ही आयुष्याची तीसहून अधिक वर्षे राज्य शासनाच्या सेवेत काढली. कागदावर लिहिलेला शब्द माणसाला कसा चिकटतो, हे आम्हांला ग्रंथांतून शिकावे लागले नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात आम्ही एका तहसिलीच्या ठिकाणी होतो. टंचाईच्या कामावरची मजुरी महिना-दीड महिना अडली होती. एका गोंड वस्तीतले साठ-सत्तर लोक कचेरीपुढे जमले. आरडाओरडा झाला, एक खिडकी फुटली, आणि संध्याकाळी लोक घरी गेले. वर पाठवायचे प्रतिवेदन आम्ही लिहिले. कामकाज हिंदीत चाले आणि तयार शब्द हाताशी असत. आम्ही लिहिले, की उपद्रवी तत्त्वांनी 'बलवा' केला. शब्द लिहिताना आमच्या मनात द्वेष नव्हता. वरच्या कार्यालयाला अशी भाषा समजते, एवढाच विचार होता.

दोन-तीन वर्षांनी त्या वस्तीतला एक तरुण आमच्याकडे आला. त्याची वनविभागात लहानशा जागेवर निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीत ती अडकली होती. त्याचे नाव कोठल्याशा यादीत 'बलव्या'त सामील म्हणून आले होते. तो त्या दिवशी कचेरीपुढे होता हे खरे. त्याच्या आईची मजुरी राहिली होती. आम्ही खुलासा लिहून पाठविला, पुन्हा स्मरणपत्र पाठविले. तोवर निवडयादीची मुदत संपली होती. तो काही बोलला नाही. 'साहेब, तुम्ही तर तेथेच होता ना?' एवढेच त्याने विचारले. 

'बलवा' हा शब्द आम्ही घडविला नव्हता. हिंदी मुलखात १८५७ च्या उठावालाही लोक बलवा म्हणत आले आहेत. त्या शब्दात तोफा आहेत, फाशीचे दोर आहेत, जळालेल्या छावण्या आहेत. त्यातले सगळे ओझे आम्ही एका फुटलेल्या खिडकीवर आणि थकलेल्या मजुरीवर लादले. त्यात आणखी एक गोष्ट घडली, ती आम्हांला फार उशिरा उमगली. 'बलवा' हा शब्द कागदावर आल्याबरोबर 'मजुरी' हा शब्द कागदावरून नाहीसा झाला. वरच्या कार्यालयातून जी विचारणा आली ती बंदोबस्ताविषयी आली. मजुरीविषयी कोणी विचारले नाही.

मोठ्या ऐतिहासिक शब्दाचा दुरुपयोग म्हणजे केवळ अतिशयोक्ती, असे आम्हांला म्हणूनच वाटत नाही. अतिशयोक्तीने वस्तू मोठी दिसते. येथे वस्तूच झाकली जाते.

आता आमच्या, म्हणजे मराठी माणसांच्या, वर्मी लागणारा एक शब्द घेऊ. बंगालमध्ये 'बर्गी' म्हणतात. मूळ शब्द 'बारगीर'. मराठी फौजेत घोडेस्वारांचे दोन वर्ग होते. स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा आणि सामान सरकारातून मिळे तो बारगीर. म्हणजे हा हजेरीपटातला, पगारपत्रकातला शब्द. आमच्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसाला तो अगदी घरचा वाटावा. परंतु १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वारी करीत राहिल्या. सेनापती भास्करराम कोल्हटकर. मुर्शिदाबादेची पेठ लुटली गेली, पश्चिम बंगालमधली गावे जळाली, विणकर आणि शेतकरी गंगेपलीकडे पळाले. कलकत्त्याच्या इंग्रजांनी भयाने शहराभोवती खंदक खणायला घेतला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात या स्वाऱ्यांवर 'महाराष्ट्र पुराण' नावाचे काव्य लिहिले आणि त्यात लोकांच्या हालांचे वर्णन केले. बंगालच्या अंगाईगीतात बर्गी आजही येतात. ज्या शब्दाने आपल्याकडे घोडा कोणाचा एवढेच कळते, त्या शब्दाने तेथे रडते मूल गप्प होते.

२०२१ च्या पश्चिम बंगाल विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात बाहेरच्या प्रांतांतून आलेल्या पुढाऱ्यांना उद्देशून हा शब्द पुन्हा वापरला गेला. त्या पुढाऱ्यांत भोसल्यांच्या फौजेशी संबंध सांगू शकेल असे कोणी शोधूनही सापडले नसते. पण शब्दाला त्याची गरज नव्हती. बाहेरचा, म्हणून लुटारू, एवढा अर्थ पुरेसा होता.

अशा वेळी मराठी वाचकाच्या मनात दोन प्रतिक्रिया उठतात आणि दोन्ही आमच्याही मनात उठल्या. पहिली म्हणजे, हा आमच्या पूर्वजांचा अपमान आहे, स्वाऱ्यांच्या कथा फुगविलेल्या आहेत. दुसरी म्हणजे, त्या काळी सगळेच असे करीत. या दोन्ही वाटांनी आपण स्वतःचीच फसवणूक करतो. गंगारामाच्या काव्याला इतिहासकारांनी साधन म्हणून मोल दिले आहे. ते विरोधी पक्षाचे पत्रक नव्हे. चौथाई वसूल करण्याचा हक्क दरबारांत कसाही मांडला जावो, ज्याचे घर जळाले त्याला हक्काची सनद दाखवून उपयोग नसतो. आम्ही ज्या मुलखात राहतो तो भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. या गोष्टीचा अभिमान बाळगायचा तर तिच्या ओझ्याचा वाटाही उचलला पाहिजे.

पण त्याबरोबर दुसरेही तपशील आहेत, आणि सभेतल्या वक्त्याला नकोसे असतात ते हेच. स्वाऱ्यांत भोसल्यांना वाट दाखविणारा आणि त्यांचा कारभार पाहणारा मीर हबीब हा बंगालच्याच नवाबी सेवेतला माणूस होता. नवाब अलीवर्दीखान याने १७४० मध्ये आपल्या धन्याच्या मुलाला लढाईत मारून गादी मिळविली होती. १७४३ मध्ये पेशवे बाळाजी बाजीराव फौज घेऊन बंगालमध्ये गेले ते रघूजींच्या मदतीला नव्हे, तर अलीवर्दीच्या मदतीला, आणि त्यांनी रघूजींना तेथून हुसकावले. त्याबद्दल पैसाही घेतला. १७४४ मध्ये अलीवर्दीने बोलणी करण्यासाठी भास्कररामांना छावणीत बोलावून त्यांचा आणि त्यांच्याबरोबरच्या सरदारांचा वध करविला. १७५१ च्या तहाने वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली आणि ओडिशाचा कारभार भोसल्यांकडे गेला. या हकिकतीत मराठे विरुद्ध बंगाली असा सरळ सामना कोठे आहे? मराठ्यांवर मराठे चालून गेले, मुसलमान मराठ्यांबरोबर होते, आणि मेले ते दोन्हीकडचे नसलेले शेतकरी. 'बर्गी' या एका शब्दाने यांतले काहीही सांगितले जात नाही.

आणि हाच न्याय आपण उलट दिशेने लावला पाहिजे. आपल्याकडे अंदाधुंदीला 'मोगलाई' म्हणतात, लहरी हुकमाला 'तुघलकी फर्मान' म्हणतात, कोणा समाजाला औरंगजेबाचा वारस ठरविले जाते. देवगडचा राजा बख्त बुलंद यालाच पाहा. गादीच्या तंट्यात मदत मिळावी म्हणून तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, तेथे मुसलमान झाला, गादी मिळवून परतला. त्याच बख्त बुलंदाने पुढे औरंगजेबाविरुद्ध बंड केले. त्यानेच १७०२ च्या सुमारास नागपूर शहर वसविले, दूरदूरचे शेतकरी आणि कारागीर आणून हा मुलूख लावणीला आणला. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज त्या वसाहतीच्या ओघात या बाजूला आले असतील. त्याला मोगलांचा हस्तक म्हणावे की मोगलांविरुद्धचा बंडखोर? सभेच्या शब्दकोशात त्याच्यासाठी जागाच नाही, म्हणून सभेत त्याचे नाव निघत नाही.

गेल्या काही वर्षांत सर्वाधिक फेकला गेलेला शब्द 'गद्दार' हा आहे. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याच्या वारसाने काँग्रेस सोडली, २२ आमदारांनी राजीनामे दिले, आणि २० मार्च रोजी मुख्यमंत्री कमलनाथ यांनी पद सोडले. छिंदवाडा हा त्यांचा दीर्घकाळचा मतदारसंघ, त्यामुळे सौंसर-पांढुर्ण्यात ही घटना घरची म्हणून चर्चिली गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये २८ जागांच्या पोटनिवडणुका झाल्या आणि प्रचारात 'गद्दार' हा शब्द पदोपदी ऐकू आला. त्याच्या आधारासाठी १८५८ चे ग्वाल्हेर काढले गेले. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात शिवसेना फुटली तेव्हा तोच शब्द तिकडे गेला. मार्च २०२४ मध्ये अमरवाड्याच्या आमदारांनी काँग्रेस सोडून भाजपची वाट धरली, जुलैमध्ये तेथे पोटनिवडणूक झाली, तेव्हा तो पुन्हा आपल्या दारी आला. कोणत्या पक्षाने बरोबर केले, हा या लेखाचा विषय नाही. प्रश्न १८५८ च्या ग्वाल्हेरचा आहे.

१ जून १८५८ रोजी तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरवर आले. जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूने लढायला बाहेर पडले. त्यांच्या फौजेतील बहुतेकांनी त्यांची साथ सोडली आणि ते आग्र्याकडे निघून गेले. त्या दिवशी गद्दार कोण? राष्ट्राच्या दृष्टीने पाहणारा म्हणेल, जयाजीराव. स्वामिनिष्ठेच्या दृष्टीने पाहणारा म्हणेल, आपल्या धन्याला मैदानात सोडून जाणारी फौज. इंग्रजांच्या दप्तरात जयाजीराव निष्ठावंत आणि फौज बंडखोर होती. आज ते उलटे झाले आहे. आमचा स्वतःचा कौल विचाराल तर तो फौजेच्या बाजूने आहे. पण तो कौल देण्यापूर्वी निष्ठा कोणाशी, हा प्रश्न सोडवावा लागतो. गद्दार हा शब्द उच्चारताच तो प्रश्न सुटला असे गृहीत धरले जाते, आणि १८५८ च्या निष्ठेचा प्रश्न २०२० च्या पक्षांतराला जसाच्या तसा चिकटविला जातो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचे कृत्य वंशजाच्या अंगाला लावणे हा तर वेगळाच अन्याय. जो असा न्याय मान्य करील त्याने बंगालमध्ये आपल्याला बर्गी म्हटले की तक्रार करू नये.

शब्दाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. अरबी मुळापासून आलेला 'गदर' म्हणजे दगा. १८५७ च्या उठावाला हे नाव राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते. १९१३ मध्ये अमेरिकेतील हिंदी क्रांतिकारकांनी आपल्या वृत्तपत्राला मुद्दाम 'गदर' हेच नाव दिले आणि त्यांची संघटना गदर पार्टी म्हणून ओळखली गेली. शिवी म्हणून मिळालेला शब्द त्यांनी ध्वज म्हणून उचलला. त्याच मुळातून आलेला 'गद्दार' मात्र शिवीच राहिला.

आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात याचे सर्वांत बोलके उदाहरण राजा शंकरशाह यांचे आहे. गढा-मंडल्याच्या गोंड राजवंशातील हे वृद्ध राजे जबलपुरास राहत. ५२ व्या पलटणीतील शिपायांशी मिळून उठावाचा कट केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. आरोपाच्या पुराव्यात त्यांच्या घरात सापडलेली एक कविता होती. १८ सप्टेंबर १८५७ रोजी शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. दप्तरातला शब्द होता राजद्रोही. २०२१ मध्ये छिंदवाड्याच्या विद्यापीठाला त्याच राजद्रोह्याचे नाव देण्यात आले. कागदावरचा शब्द बदलायला १६४ वर्षे लागली. आमच्या त्या तरुणाच्या कागदावरचा शब्द बदलायला विद्यापीठ येणार नाही, हे आम्ही जाणतो.

येथे कोणी विचारील, की मग इतिहासातले शब्द वापरायचेच नाहीत काय? तसे आमचे म्हणणे नाही. काही गोष्टींना त्यांचे जड नावच द्यावे लागते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, तरी पुढेही कोठे कोणी कर्जापायी मालकाच्या शेतावर बांधलेला सापडे, आणि त्या वेळी 'वेठबिगार' हा शब्द टाळण्यासाठी कचेरीत काय काय युक्त्या चालत, हे आम्ही पाहिले आहे. 'सालदार', 'घरचा माणूस', 'स्वेच्छेने राहिलेला' असे सौम्य शब्द लिहिले, की कायदा त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. जेथे वस्तू खरी आहे तेथे शब्द गिळणे हाही दुरुपयोगच. गोटमारीत दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयोग प्रशासनाने करून पाहिला होता. लोकांनी दगडच उचलले. भाषेतही केवळ मऊ शब्द पुरवून भागत नाही. शब्द आणि वस्तू यांचे वजन जुळते की नाही, हे पाहावे लागते.

हे वजन पाहण्याची सवय आधी आपल्याच घरात लावली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी भाग छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. जे नागपूर कालपर्यंत आपली राजधानी होते ते दुसऱ्या राज्यात गेले. याचे दुःख आमच्या वडिलांच्या पिढीला होते आणि ते खरे होते. पण आपल्याच मराठी मंडळींच्या बैठकांत या घटनेला 'फाळणी' म्हटलेले आम्ही ऐकले आहे, आणि तरुणपणी आम्हीही तो शब्द आवेशाने वापरला आहे. १९४७ च्या फाळणीत कोट्यवधी माणसे घरांतून उठली, लाखो मारली गेली. १९५६ मध्ये सौंसरच्या एकाही माणसाला घर सोडावे लागले नाही. संत्र्याच्या गाड्या पूर्वीप्रमाणेच नागपूरच्या बाजारात जात राहिल्या, सोयरिकी वरुड-काटोलला होत राहिल्या.

जे बदलले ते निराळे होते. कचेरीची भाषा हिंदी झाली. मुलांच्या हाती हिंदी पुस्तके आली. मराठी घरी बोलायची आणि लिहायची मात्र नाही, अशी पिढी तयार झाली. आमच्या नातवंडांना आजोबांचे मराठी पत्र वाचून दाखवावे लागते. ही तक्रार लहान नाही, पण ती शाळा, शिक्षक आणि पुस्तके यांची तक्रार आहे. तिला फाळणी म्हटले की ऐकणारा एकतर हसतो किंवा भडकतो, आणि शाळेचा विषय दोन्ही प्रकारे बाजूला पडतो. आम्ही लिहिलेल्या 'बलव्या'ने जसे मजुरीला झाकले तसेच हे आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी सौंसर आणि पांढुर्णा यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्ह्याची कचेरी आता हाकेच्या अंतरावर आली आहे. तेथे अर्ज घेऊन जायचे तर त्यात किती मुले, कोणती शाळा, कोणता वर्ग, हे लिहावे लागेल. 'फाळणी' या शब्दावर कोणत्याही टेबलावर टिपणी लिहिली जाणार नाही.

एखादा कागद पुढे आला की जुने अधिकारी काही साधे प्रश्न विचारीत. लिहिणारा कोण, तारीख कोणती, कोणाविषयी लिहिले, आणि यातून त्याला काय मिळवायचे आहे. इतिहासाच्या शब्दालाही हेच प्रश्न विचारता येतात. पेंढारी म्हणणारा गढीत लपलेला शेतकरी आहे, की राज्य घ्यायला निघालेला गव्हर्नर जनरल, की जामच्या काठची आजी? बर्गी म्हणणारी मुलाला निजविणारी आई आहे, की मते मागणारा पुढारी? उत्तर येईपर्यंत टाळी वाजवू नये, एवढाच संयम श्रोत्यांकडून अपेक्षित आहे. वक्त्यांकडून काही अपेक्षा करण्याइतके आम्ही आता भाबडे राहिलेलो नाही. पण टाळी वाजली नाही तर शब्द पुन्हा उचलला जाणार नाही, असा आमचा नोकरीतला अनुभव सांगतो. वरून शेरा आला नाही, की खालचा कारकून तो मजकूर दुसऱ्यांदा लिहीत नाही.

गोटमारीच्या बंदोबस्तावर आम्ही एका वर्षी होतो. १९७८ आणि १९८७ मध्ये येथे पोलिसांना गोळीबार करावा लागला होता, त्यामुळे सर्वांच्या मनावर ताण होता. दुपारी एक सावरगावचा मुलगा डोके फुटून आमच्या तंबूत आणला गेला. शेजारच्या खाटेवर पांढुर्ण्याचा एक जण पडला होता. दोघांनी एकमेकांना ओळखले. ते एकाच कारखान्यात कामाला होते. मलमपट्टी होताना त्यांच्यात बोलणे चालले ते पगाराच्या तारखेचे. बाहेर दोन्ही काठांवरून आरोळ्या चालूच होत्या. त्या तंबूत जे बोलले जात होते त्याचे प्रतिवेदन मात्र आम्ही कधी लिहिले नाही, कारण नमुन्यात तसा रकाना नव्हता.